लहूला विचारा

"हलू नकोस," धारूरकर साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला आधी वाटलं ते स्वतःशीच बोलताहेत.

मी बांबू चिखलात रोवून होडी धरून ठेवली. सकाळचे साडेसहा झाले असतील. पाण्यावरचं धुकं नुकतं विरळ व्हायला लागलं होतं. समोर नळीच्या तोंडाशी पन्नास-साठ रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून चरत होते. आमच्याकडं नळी म्हणजे ओढा धरणाच्या पाण्याला मिळतो ती चिंचोळी जागा. त्या साली पाऊस कमी पडला होता, धरण पुरतं भरलंच नव्हतं. एरवी माघात उघडा पडणारा चिखल दिवाळीच्या आधीच दिसायला लागला होता आणि रोहितही लवकर उतरले होते.

"रोहितांच्या डाव्या अंगाला बघ. जरा मागं. एकटा उभा आहे तो."

मी पाहिलं. पांढराशुभ्र पक्षी, रोहितांपेक्षा अंगानं भरलेला. चोच सरळ. ती तो डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसत होता, काहीतरी उपटून काढत होता आणि मान वर करून गिळत होता. मान वर केली की तोंडाचा पुढचा भाग लालभडक दिसायचा, कुणी कुंकवात बुडवून काढल्यासारखा.

साहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि माझ्या हातात दिली. चार वर्षं ते माझ्या होडीत बसत होते, पण त्यांनी दुर्बीण कधी कुणाला दिलेली मी पाहिली नव्हती. मी ती डोळ्यांना लावली, तेवढ्यात पलीकडच्या बांधावर कुत्रं भुंकलं. पक्ष्यानं पंख उघडले. सगळा पंख पांढरा आणि टोकाची पिसं तेवढी काळी, बोटं शाईत बुडवावीत तशी. दोनचार ढांगा टाकून तो उठला, आमच्या डोक्यावरून गेला आणि गोड, बासरीसारखा एकदा ओरडला. मग उत्तरेकडं धुक्यात दिसेनासा झाला.

साहेब अजून तिकडंच पाहत होते.

"सायबेरियाचा क्रौंच," ते म्हणाले. "लहू, हा आपल्या मुलखात येत नाही. सगळ्या देशात आता चारदोनच उतरत असतील. हा वाट चुकला असणार." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू पाहिलास ना? पंखांची टोकं पाहिलीस?"

"व्हय साहेब. पाहिली."

"फक्त टोकं काळी. रोहिताचा अर्धा पंख काळा असतो. लक्षात ठेव. तुला विचारतील."

त्यांनी वही काढली आणि तिथंच, होडी हलत असताना, पेन्सिलीनं तो पक्षी काढला. आधी उभा, मग उडताना. त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात नकाशे काढण्यात गेली होती. त्यांनी मारलेली रेघ कधी खोडावी लागत नसे. बार्शीला घर होतं, बायको वारलेली, एक मुलगी. दर शरदात पंधरा दिवस ते आमच्या पळसनळीत येऊन राहायचे. शाळेच्या खोलीत झोपायचे, जेवायचे माझ्याकडं. माझी बायको हौसा त्यांना हातानं भाकरी वाढायची आणि ते दर घासाला "वा" म्हणायचे, चिलापी माशाचं कालवण असो नाहीतर नुसती चटणी.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. जाळी टाकायचो, आणि ते आले की त्यांची होडी वल्हवायचो.

*

त्यांनी गप्प बसायला हवं होतं असं मी पुढं कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. पण माणूस त्या दिवशी गप्प बसणार कसा? काठाला लागल्याबरोबर त्यांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं. एसटीनं तालुक्याला गेले आणि शहरातल्या पक्षीमंडळाला फोन लावला. परत आले तेव्हा पेढे घेऊनच आले. माझ्या धाकट्या मुलीच्या तोंडात त्यांनी स्वतः पेढा घातला.

संध्याकाळी रंगूतात्यांचं बोलावणं आलं. तात्या माझे सख्खे चुलते आणि आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते.

"कसलं पाखरू घावलं म्हणं तुज्या साहेबाला?"

मी सांगितलं. लाल तोंड, काळी टोकं, सगळं. तात्यांनी मान वर केली नाही.

"वरच्या अंगाच्या तळ्याचं ऐकलंस ना? तितं असंच कसलं पाखरू उतरलं. मग म्हणं कागद आला, जाळी बंद. अकरा घरं उठली."

"खरं हाय का ते?"

"खरं-खोटं कुणाला ठावं. पर ती अकरा घरं कुठं गेली ते तू मला सांग." त्यांनी सुईतला दोरा दातानं तोडला. "ही नळी हाय म्हणून पावसाळ्यात बी आपली चूल पेटती. नळीत मासा अंडी घालतो, तितंच पाखरू उतरतंय. उद्या म्हणाले ही जागा पाखराची, तर?"

"साहेब तसं करणार न्हाईत, तात्या."

"साहेब न्हाई करणार. साहेबाच्या कागदावर दुसरं कुणीतरी करंल." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आरं, ते एक पाखरू. आलं तसं गेलं. आपुन कुठं जायाचं?"

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.

"होडीत तू एकलाच व्हतास. त्येनी पाहिलं आन् तू पाहिलं. तिसरं कुणी न्हाई. ध्यानात ठेव."

घरी आलो तर साहेब पडवीत कंदिलाशी वही धरून चित्रात रंग भरत होते. त्यांच्याकडं लाल रंग नव्हता. हौसानं त्यांना देव्हाऱ्यातलं कुंकू पाण्यात कालवून दिलं होतं. मी आत गेल्यावर ती मागोमाग आली. तात्यांनी कशाला बोलावलं होतं ते तिला आधीच कळलं होतं.

"काय करणार?" तिनं विचारलं.

"तू सांग."

ती चुलीपाशी बसली आणि लाकडं उगाच पुढं-मागं करत राहिली. "त्या माणसाला मी चार वरसं जेवायला वाढती," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाली, "पर आपल्याला बी दोन लेकरं हाईत."

*

तिसऱ्या दिवशी शहरातून तिघं आले. जीपमधून उतरले, नळीवर जाऊन आले, दोन तास दुर्बिणी लावून बसले. रोहित होते, चक्रवाक होते, चांदव्यांची काळी नक्षी पाण्यावर पसरलेली होती. क्रौंच नव्हता.

मग शाळेसमोरच्या लिंबाखाली सगळे बसले. तिघांतला जो प्रमुख होता तो तरुण होता, बोलायला अदबशीर. साहेबांची वही त्यानं नीट पाहिली.

"चित्र उत्तम आहे, धारूरकर," तो म्हणाला. "पण तुम्हाला राग येऊ नये. हा पक्षी इथं दिसला असं छापायचं, तर आम्हाला आणखी काहीतरी हवं. फोटो नाही. अंतर दीडशे मीटर. त्यात धुकं. रोहितांचा थवा शेजारी. कोवळा रोहित पांढराच दिसतो."

"कोवळ्या रोहिताचं तोंड लाल नसतं," साहेब शांतपणे म्हणाले.

"नसतं. पण सकाळच्या उन्हात..."

"ऊन नव्हतं. धुकं होतं, तुम्हीच म्हणालात."

तरुण हसला. साहेबही हसले. त्यांना अजिबात काळजी नव्हती. त्यांनी हात माझ्याकडं केला. "मी एकटा नव्हतो. लहूला विचारा. याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. पाण्यात चार हात खाली मासा वळला तर याला वरून कळतं. त्यानं दुर्बिणीतून पाहिलाय."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. रंगूतात्या पारावर मागं उभे होते. मला ते दिसत नव्हते, पण त्यांच्या तंबाखूचा वास येत होता.

"काय पाहिलंस तू?" तरुणानं विचारलं.

मी ठरवून आलो होतो की नुसतं "मला काही दिसलं न्हाई" एवढंच म्हणायचं. दुर्बीण लावायची सवय न्हाई, धुकं व्हतं, असं. पण तोंड उघडलं आणि मला वाटलं एवढ्यानं भागणार नाही. ते पुन्हा विचारतील. पुन्हा येतील.

"रोहित व्हता," मी म्हणालो. "पांढरा रोहित. उडाला तवा अर्धा पंख काळा दिसला."

साहेब माझ्याकडं पाहत होते. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. एखादा ओळखीचा शब्द ऐकावा आणि त्याचा अर्थ काही केल्या आठवू नये, तसे ते पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला आणि पुन्हा घातला.

"असं म्हणतोस," ते म्हणाले.

त्या रात्री ते जेवायला आले नाहीत. सकाळच्या एसटीनं गेले.

मंडळाच्या पत्रकात दोन ओळी छापून आल्याचं मला मागाहून कळलं. निरीक्षणात चूक झाली, एवढंच. पण प्रकरण तिथं थांबलं नाही. त्यांच्या जुन्या नोंदी कुणीतरी काढल्या. हेही यांनी एकट्यानंच पाहिलं होतं, तेही एकट्यानंच. एकेक करून त्या यादीतून गेल्या. कुणी त्यांना खोटारडा म्हटलं नाही. म्हातारं होतंय माणूस, असं म्हटलं.

*

पुढच्या शरदात ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले. तीच पिशवी, तीच दुर्बीण. "लहू, होडी आहे ना?" एवढंच विचारलं.

सात वर्षं ते येत राहिले. त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. हौसाच्या हातचं जेवले, मुलींना पाटीवर बदकं काढून दिली. फक्त होडीतलं वागणं हळूहळू बदलत गेलं. आधी ते पक्षी पाहायचे आणि नाव सांगायचे. आता ते मला विचारायला लागले. "तो शेकाट्याच ना?" "तिकडं तीन आहेत की चार?" लांब पायांचा शेकाट्या आमचं शेंबडं पोरही ओळखतं. मी "व्हय साहेब" म्हणायचो. मग ते लिहायचे. मी सांगितल्याशिवाय वहीत काही उतरत नव्हतं.

सातव्या वर्षी, दिवाळीच्या आधीच, त्याच नळीच्या तोंडाशी आम्ही होतो. चिखल नव्हता, त्या साली पाणी भरपूर होतं. वारा पडला होता. त्यांनी मला थांबायला सांगितलं.

"एक विचारू का लहू? रागावणार नाहीस ना?"

"तुमच्यावर कशाला रागावंन साहेब?"

"त्या दिवशी होडीत तू हो म्हणाला होतास. पाहिला म्हणालास. पंखांची टोकंही पाहिली म्हणालास." ते पाण्याकडं पाहत बोलत होते. "आणि मग लिंबाखाली तू वेगळं सांगितलंस. मी खूप विचार केला त्याचा. दोन्हींतलं एकच खरं असणार. इथं कुणी नाही. मी कुणाला सांगायला जाणार नाही, आता छापून यावं असंही मला काही राहिलं नाही. मला फक्त माझ्यापुरतं कळायला हवंय. होडीत तू हो म्हणालास, ते माझं मन राखायला म्हणालास का?"

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तात्या त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. नळी कुणी बंद केली नव्हती, करणारही नव्हतं, हे एव्हाना मलाही कळलं होतं. म्हणजे खरं सांगायला मला कशाचीच आडकाठी नव्हती. पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. मग लिंबाखाली का? मग ही सात वर्षं माझ्या समोर बसून भाकरी खाताना का नाही? त्या प्रश्नापुढं बसायची माझ्यात ताकद नव्हती.

"व्हय साहेब," मी म्हणालो. "तुमचं मन राखाया."

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. जणू अवघड हिशेब अखेर सुटला होता.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "फार बरं झालं. मला वाटत होतं मी वेडा आहे की काय. तसं काही नाही. नुसतं डोळ्यांनी फसवलं."

परत येताना त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुझ्याकडं असू दे. मला आता तिचा उपयोग नाही."

त्यानंतर ते आले नाहीत.

त्याच दुर्बिणीवर माझं पुढचं आयुष्य चाललं. रस्ता झाला, शहरातून मोटारी यायला लागल्या, लोकांना रोहित बघायचे होते. मी दाखवू लागलो. माझं पाहून सोसायटीतले आणखी सहा-सात जण जाळी बाजूला ठेवून त्या धंद्याला लागले. एकदा मी एका पाहुण्याला रात्री फिरणारा एक दुर्मिळ बगळा दिवसाढवळ्या झाडीत दाखवला. त्याला फोटो काही मिळाला नाही. पण काठावर त्याच्या मित्रानं शंका काढली तेव्हा तो म्हणाला, "लहूदादांनी पाहिलाय. मग प्रश्नच मिटला."

त्या रात्री मी जेवलो नाही. हौसानं विचारलंही नाही. सकाळी तिनं माझं धुतलेलं धोतर काढून ठेवलं आणि म्हणाली, "बार्शीला जाऊन या."

*

साहेबांनी दुर्बीण दिली त्याला तोवर अकरा वर्षं झाली होती. घर शोधायला वेळ लागला नाही. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. सुलभाताई. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच त्यांनी ओळखलं.

"पळसनळीचे लहूभाऊ? या ना. बाबा फार नाव काढतात तुमचं."

मी चपला काढता काढता विचारलं, "पाखरं बघायला जातात का कुठं?"

त्या जरा थांबल्या. "नाही हो. बंदच केलं. इथं गॅलरीत बसतात." मग आवाज खाली आणला. "डोळ्यांना काही झालेलं नाही. डॉक्टरांना दाखवलं, मोतीबिंदू काढून झाला, आता स्वच्छ दिसतं म्हणाले. पण त्यांचा विश्वासच नाही. समोरच्या झाडावर चिमणी बसली तरी मला हाक मारतात. ती आहे ना गं नक्की, असं विचारतात. दिवसातून वीस वेळा. मी आहे म्हटलं की मगच."

गॅलरीत वेताच्या खुर्चीत ते बसले होते. फार बारीक झाले होते. मला पाहून चेहरा उजळला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. हौसाचं विचारलं, मुलींची लग्नं झाली का विचारलं. सुलभाताई चहा टाकायला आत गेल्या.

मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर बोललोच नसतो.

"साहेब, त्यो क्रौंच व्हता."

ते माझ्याकडं पाहत राहिले.

"म्या पाहिला व्हता. लाल तोंड, आन् फकस्त टोकं काळी. डोस्क्यावरनं गेला तवा बासरीवानी वराडला. लिंबाखाली म्या खोटं बोललो. नळी बंद करतील म्हनून तात्यांनी भ्या घातलं व्हतं. आन् नंतर होडीत बी खोटंच बोललो. तवा तर कुनाचं भ्या बी नव्हतं."

ते हात सोडतील असं मला वाटलं. त्यांनी सोडला नाही. उलट वरून थोपटला, लहान मुलाला थोपटावं तसा.

"एवढ्या लांब आलास," ते म्हणाले. "फक्त यासाठी."

"खरं सांगतोय साहेब. हौसाची शपथ."

"शपथ कशाला घालतोस? मला माहीत आहे रे." ते हसले. इतकं मायेनं हसले, की मला तिथं उभं राहवेना. "तू मूळचाच असा. तेव्हाही माझं मन राखायला हो म्हणाला होतास. आता सुलभानं तुला काहीतरी सांगितलं असेल. म्हातारा असा झालाय, तसा झालाय. म्हणून तू आलास."

"न्हाई साहेब. टोकं काळी व्हती, फकस्त टोकं..."

"ते मीच तुला सांगितलं होतं," ते म्हणाले. "होडीत. लक्षात ठेव म्हणालो होतो. तू ठेवलंस."

मी खाली बसलो. गॅलरीसमोरून विजेची तार गेली होती. तिच्यावर एक कोतवाल येऊन बसला, दुभंगलेली शेपटी खालीवर करत. साहेबांनी मान किंचित पुढं काढली.

"कोतवाल हाय साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातावरचा हात काढला नाही, पण मान आतल्या दाराकडं वळवली.

"सुलभा," त्यांनी हाक मारली. "जरा बाहेर ये गं. तारेवर काही बसलंय का?"

आम्ही दोघं थांबलो. आत स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. सुलभाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी तारेकडं पाहिलं.

"आहे बाबा," त्या म्हणाल्या. "कोतवाल आहे."

तेव्हा कुठं त्यांनी पाहिलं.